लग्नाआड दडवलेला अहवाल

सुज्ञ वाचकहो, पुढील ओळींत एका धाकट्या भावाने आपल्या थोरल्या भावाविषयी केलेल्या अपराधाचे कथन यथाक्रम होणार आहे. या कथेत चोरी नाही, मारामारी नाही, कोणी कोणावर हात उगारलेला नाही. एक अहवाल सहा महिने मोबाईलमध्ये बंद राहिला, एवढेच घडले. तथापि तेवढ्यावरून एका माणसाची मान जी खाली गेली, ती अद्याप वर आलेली नाही. ती का गेली, हे वाचकांनी शांत चित्ताने ऐकावे आणि मग न्याय करावा.

पवनी तालुक्यातील आसगाव या गावी गुलाब आणि संघपाल असे दोन भाऊ राहत होते. वडील पोटाच्या दुखण्याने गेले तेव्हा गुलाब चौदा वर्षांचा होता आणि संघपाल सहा. आई बायजाबाई दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जाई. (धानासाठी चहूकडून बांध घातलेल्या तुकड्याला आमच्या भागात बांधी म्हणतात.) गुलाबने सातवीची पुस्तके फळीवर ठेवली ती कायमची, आणि नांगर हाती घेतला. धाकट्याला मात्र त्याने बारावीपर्यंत शिकविले. त्या शिक्षणाच्या बळावर संघपाल पवनीच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लागला. काचेच्या नळ्या धुणे, सूक्ष्मदर्शक पुसणे आणि भिंतीवरच्या तक्त्यांवरील धूळ झटकणे हे त्याचे काम.

घरात जो शिकला त्याच्याकडे सगळे कागद जातात, अशी आमच्याकडे रीत आहे. सातबारा, रेशनकार्ड, दवाखान्याची फाईल, जे काही छापील आहे ते सर्व संघपालच्या लोखंडी पेटीत असे. गुलाबला त्यात कधी वावगे वाटले नाही. तो म्हणे, "म्या त्याले शिकवलं कायसाठी? कागदाचं त्यानं पाहावं, धानाचं म्या पाहतो."

दोन वर्षांपूर्वी गुलाबच्या पोटात जळजळ सुरू झाली आणि नागपूरच्या एका दवाखान्यात तोंडावाटे दुर्बीण घातल्यावर जठरात कर्करोगाचा लहानसा डाग निघाला. डाग अगदी पहिल्या पायरीवर होता. डॉक्टरांनी पोट न फाडता दुर्बिणीनेच आतून तो सोलून काढला. आठव्या दिवशी गुलाब आपल्या पायांनी एसटीतून उतरला आणि पिंपळाखाली बसलेल्या मंडळींना सांगू लागला, "आतमंदी टीव्ही सोडला गा, न् भाताच्या गंजाच्या बुडाची खरवड काढावी तशी काढली! टाका नाई, काई नाई. पाहा, पोट पाहा!" आणि त्याने खरोखरच सदरा वर केला.

त्या दवाखान्यातील डॉक्टर रेणू या मूळच्या सिहोऱ्याच्या, शेतकऱ्याघरच्या. पुढे तपासणीला गेल्यावर त्यांनी दोघा भावांना समोर बसवून सांगितले, "गुलाबभाऊ, हा डाग गेला. पण त्याच पोटात दुसऱ्या जागी नवा डाग उठू शकतो. थोड्या लोकांना उठतो, बाकीच्यांना नाही. कोणाला उठेल ते आधी कळावं, म्हणून आम्ही एक अभ्यास करतो आहोत. पोटाच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा. त्यातल्या जनुकांवर काही खुणा असतात, त्या मोजायच्या. खुणा जास्त निघाल्या तर दुर्बीण लवकर-लवकर घालून पाहायची. देता का?"

"घ्या ना बाई," गुलाब म्हणाला. "येवढा मोठा चट्टा दिला, आता कणीचं काय!"

वच्छला नावाच्या परिचारिकेने अर्ज भरताना फोन नंबर विचारला. गुलाबने धाकट्याकडे बोट केले. "याचाच लिवा. माह्याकडं फोन हाये, पण तो निस्ता हॅलो म्हणासाठी."

हे त्याच वर्षीच्या पावसाळ्यात झाले. दिवाळीनंतर आसगावची मंडई भरली. मंडईला गावोगावचे सोयरे येतात, नाटके होतात आणि पोरापोरींच्या सोयरिकी पाहिल्या जातात. संघपालच्या मुलीसाठी, तृप्तीसाठी, कोंढ्याचे भैय्यालाल गुरुजी आणि त्यांची पत्नी देवकाबाई दुसऱ्यांदा आले होते. त्यांचा मुलगा विनोद भंडाऱ्याला नोकरीवर होता. मुलगी पसंत होती. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरायचा, एवढेच शिल्लक होते.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. गुलाब नवा पांढरा सदरा घालून जिलबीचे ताट फिरवीत होता.

"काय गा सोयरे," भैय्यालाल गुरुजी म्हणाले, "नाटकाचं तिकीट काढलं का आमचं, का जिलबीवरच भागवता?"

"तिकीट काढलं जी," गुलाब म्हणाला. "पण पयल्या रांगेत पोट्टीचा मोठाबाबा बसन. तुमी त्याच्या मांगं."

सगळे हसले. (बापाच्या थोरल्या भावाला आमच्याकडे मोठाबाबा म्हणतात.) त्याच वेळी संघपालच्या खिशातला मोबाईल थरथरला. नागपूरचा अहवाल होता. इंग्रजी मजकुराच्या खाली चार ओळी मराठीत होत्या. जठराच्या अस्तरातील जनुकीय खुणांचे प्रमाण अधिक आढळले आहे; रुग्ण उच्च धोका गटात मोडतो; डिसेंबर महिन्यात दुर्बीण तपासणीसाठी अवश्य यावे; पुढे दर सहा महिन्यांनी यावे.

संघपालने ते वाचले आणि त्याच्या डोळ्यांपुढे शाळेच्या प्रयोगशाळेतील एक तक्ता उभा राहिला. वीस वर्षे तो तक्ता त्याने पुसला होता. वर आजोबा-आजी, खाली आईबाप, त्याखाली लेकरे, आणि सर्वांना जोडणाऱ्या लाल रेघा. मथळ्यात ठळक अक्षरांत 'जनुके' असा शब्द. बाप पोटाने गेला. भाऊ पोटाने आजारी. आता जनुकांतच खूण निघाली. लाल रेघ बापावरून निघून गुलाबपर्यंत आली, तशीच ती आपल्यावरून तृप्तीपर्यंत गेली असणार, असे त्याने क्षणार्धात मनाशी ठरवून टाकले. बारावीपर्यंतचे शिक्षण आणि वीस वर्षांची धूळ, यांतून त्याच्या पदरी एवढेच ज्ञान पडले होते.

"काय आलं गा?" भैय्यालाल गुरुजींनी विचारले. "चेहरा काहून उतरला?"

"शाळेचा मेसेज हाये," संघपाल म्हणाला आणि मोबाईल खिशात घातला.

वाचकहो, अपराधाचे बीज येथे पडले. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर पुस्तक वाचून दाखविण्याचे काम संघपालकडेच असे. जन्मावरून माणूस उणा ठरत नाही, हे वाक्य त्याने त्या विहारात किती वेळा खणखणीत आवाजात वाचले असेल याची गणती नाही. आणि तोच मनुष्य आपल्या घराण्याच्या रक्ताला लोक काय म्हणतील या भयाने अंगणात बसून घामाघूम झाला होता.

पाहुणे नाटकाकडे निघाले तेव्हा गुलाबने त्याला गोठ्याजवळ गाठले. "नागपूरचं काई आलं का गा?"

"आलं," संघपाल म्हणाला. "चांगलं आलं. खुणा कमी हायेत. वर्षानं या म्हणते."

"म्या म्हटलंच होतं!" गुलाबचा चेहरा खुलला. तो आईला हाक मारीत घरात गेला. बायजाबाईने ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी खीर शिजविली. त्या खिरीची वाटी संघपालपुढेही आली. ती त्याने खाल्ली. घास घशाखाली उतरला याचेच त्याला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिले.

डिसेंबरात वच्छला सिस्टरचा फोन आला. "तुमचे भाऊ अजून आले नाहीत?"

"ते रायपूरले गेले हायेत, सोयऱ्याकडं," संघपाल म्हणाला.

जानेवारीत पुन्हा फोन आला. "अजून रायपूरलाच?"

"हो बाई. तिकडं काम लागलं त्याईले."

मार्चमध्ये सिस्टरचा आवाज बदलला होता. "भाऊ, हे बरं नाही. डॉक्टर मॅडम विचारून राहिल्या. गंमत नाही ही."

"मेच्या शेवटच्या हप्त्यात आणतोच," संघपालने शब्द दिला. तृप्तीचे लग्न वैशाखात होते, आणि खरे कळले की गुलाब ते पिंपळाखाली सांगितल्याशिवाय राहणार नाही, हे त्याला माहीत होते. लग्न एकदा पार पडू दे, मग दुसऱ्याच दिवशी नेतो, असे तो स्वतःला बजावी. चार-पाच महिन्यांत काय होते? डॉक्टर तर उगाच घाई करतात. असे म्हणत म्हणत तो कामाला जाई, आणि प्रयोगशाळेत गेल्यावर त्या तक्त्याकडे पाठ करून काचा पुशी.

परंतु डोळ्यांना पाठ करता येत नाही. फाल्गुनात गुलाबने ताटात भात ठेवायला सुरुवात केली. पूर्वी दोन वेळा भाजी मागणारा माणूस चार घासांत उठू लागला. वहिनी पंचफुला म्हणे, "लगनाच्या धावपळीनं भूक मेली याईची." संघपाल खाली पाही. एकदा त्याने मोबाईल काढला, अहवाल उघडला, आणि भावाच्या दारापर्यंत गेला. आत गुलाब तृप्तीला सांगत होता, "मांडवात रडजो नको पोट्टे. तू रडली तं मले रडू येईन, न् म्या रडलो तं कोंढेवाले म्हणतीन का मोठाबाबा नाटकातून आणला." संघपाल दारातूनच परतला.

लग्न विहारापुढच्या मांडवात दुपारी लागले. गुलाब पहाटेपासून पायांवर होता. पाहुण्यांना बसविणे, पाणी पोचविणे, पंगतीत वरण वाढणे, सगळे त्याने केले. शेवटच्या पंगतीत दोघे भाऊ शेजारी बसले तेव्हा त्याच्या पानावर फक्त दोन चमचे भात होता.

"खा ना भाऊ," संघपाल म्हणाला.

"भूक नाई गा. पोट्टीकडं पाहूनच पोट भरलं." गुलाबने पानातली बुंदी उचलून धाकट्याच्या पानावर ठेवली. लहानपणापासून तो असेच करी. संघपालला ती बुंदी खाववली नाही. पान उचलणाऱ्या बाईने ती तशीच उचलून नेली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भिवापूर-उमरेडमार्गे दोघे नागपूरला गेले. वर्ष व्हायला अजून अवकाश होता. "थोडं अगोदर दाखवून घेऊ," असे संघपालने घरी सांगितले होते. दवाखान्याच्या दारातच वच्छला सिस्टर भेटल्या.

"या या, गुलाबकाका! आलात का एकदाचे रायपूरहून? किती महिने राहिलात हो! आम्ही इथं फोन करून थकलो."

गुलाबने जन्मात रायपूर पाहिले नव्हते. त्याने सिस्टरकडे पाहिले. मग धाकट्याकडे पाहिले. संघपालच्या तोंडचे पाणी पळाले होते. तो काही बोलणार, इतक्यात गुलाबच म्हणाला, "हो बाई, आलो. सोयरे सोडूनच नाई राहिले."

वाचकहो, शिव्या सोसता येतात. पण ज्याचा विश्वासघात केला त्यानेच, काय घडले हे न कळताही, चारचौघांत आपली अब्रू झाकावी, हे सोसण्यासारखे नाही. संघपाल भिंतीला टेकून उभा राहिला. गुलाब सिस्टरच्या मागे आत गेला.

तपासणी झाली. डॉक्टर रेणूंनी संगणकाच्या पडद्यावर चित्र दाखविले. जुन्या डागाच्या जागी पांढरा, बरा झालेला वण होता. परंतु जठराच्या वरच्या भागात दुसरीच लालसर, दबलेली जागा होती.

"हा नवा आहे," त्या म्हणाल्या. "आणि वरवर राहिलेला नाही, भिंतीत उतरलेला दिसतो. आता दुर्बिणीनं सोलून भागेल असं मला वाटत नाही. पोटाचा मोठा भाग काढावा लागेल. सगळ्या तपासण्या करून नक्की सांगते."

गुलाब औषधाच्या गुंगीत बाहेर खाटेवर पडला होता. संघपाल खुर्चीत बसूनच राहिला. त्याने विचारले, "मॅडम, डिसेंबरमंदी आलो असतो तं?"

डॉक्टर म्हणाल्या, "तेव्हा हा दिसलाच असता, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दिसला असता, तर बहुतेक दुर्बिणीनंच निघाला असता. म्हणूनच तर बोलावलं होतं."

"एक अजून विचारतो." तो म्हणाला. "या जनुकाच्या खुणा माह्या पोरीतबी असतीन ना?"

"पोरीत? कशावरून?"

"जनुक म्हणजे घराण्याचं... आमचे बाबाबी पोटानंच गेले."

डॉक्टर रेणू खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि पुस्तकी मराठी सोडून आपल्या सिहोऱ्याच्या बोलीत बोलू लागल्या. "तुमच्याकडं धान हाये ना? मंग ऐका. एका बांधीत सालोसाल रोग पडला. पीक हिरवं दिसते, पण ते मातीच बिघडली. आज या कोपऱ्यात करपलं, उद्या त्या कोपऱ्यात करपन. तेच बियाणं दुसऱ्या बांधीत टाकलं तं चांगलं येते का नाई? येते. कारण दोष बियाण्यात नाई, बांधीत हाये. गुलाबभाऊच्या पोटात एक जंतू वर्षानुवर्षं बसून होता. त्यानं आतल्या अस्तराच्या जनुकांवर खुणा उमटवल्या. जंतू आम्ही औषधानं मारला, खुणा राहिल्या. आम्ही मोजल्या त्या या. त्या आईबापाकडून आल्या नाईत, न् लेकराकडं जात नाईत. घराण्यात चालणारा प्रकारबी असते, नाई असं नाई. पण तो येगळा, त्याची तपासणी येगळी. तुमचे बाबा गेले म्हणून तुम्ही जंतूची तपासणी करून घ्या, ते चांगलं. पण हा अहवाल तुमच्या पोरीचा नव्हता. तो फक्त तुमच्या भावाचा होता."

एवढे बोलून त्या थांबल्या. त्यांच्या ध्यानात आले असावे. "म्हणून आणलं नाही का तुम्ही त्यांना?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता फाईल मिटली.

संघपाल बाहेर आला तेव्हा गुलाब जागा होता आणि छताकडे पाहत होता.

"रायपूर कसं हाये गा?" त्याने विचारले. "येवढे महिने राहून आलो म्हणते सिस्टर, पण म्या तं पाह्यलं नाई."

संघपाल खाटेच्या कडेला बसला. मंडईच्या दिवसापासून त्याने सगळे सांगितले. अहवाल, शाळेचा मेसेज, खीर, सिस्टरचे फोन, तक्ता, भैय्यालाल गुरुजी. काही सोडले नाही. सांगताना त्याने एकदाही वर पाहिले नाही.

 शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने पाणी मागितले, ते तिच्या मुलाने दिले, गडव्याचा आवाज झाला.

"तू मले इचारलं असतं तं काय म्हटलं असतं म्या, ठाव हाये?" गुलाब म्हणाला. "म्हटलं असतं, पयले पोट्टीचं लगन आटप, नागपूर कुठं पळून चाल्लं! माह्याच तोंडानं म्हटलं असतं. कोणाची शपथ खाऊ, तूच सांग."

"भाऊ..."

"पण तू इचारलं नाई. पोट माहं होतं, संघपाल. त्याची पंचायत तू एकटाच करून बसला. धानाचं म्या पाहतो, कागदाचं तू पाह्य, असं ठरलं होतं ना? म्या कधी तुह्या हिश्शाचं धान लपवलं का?"

 

शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली. जठराचा बहुतेक भाग गेला. रक्त द्यायला कोंढ्याहून भैय्यालाल गुरुजी आणि विनोद दोघेही आले होते. संघपालने गुरुजींना बाजूला घेऊन सोयरीक मोडू नये म्हणून दुखणे लपविले, एवढे सांगितले, तोच गुरुजींनी त्याला थांबविले. "गुलाबभाऊच्या दुर्बिणीचं आमाले पयल्या भेटीतच माहीत होतं जी. पिंपळाखाली सदरा वर करून दाखवलं त्याईनं, कोण्या गावी नाई पोचलं ते? तुमी काहून लपवलं?" ते सहज बोलले आणि रक्त द्यायला आत गेले. संघपाल तेथेच उभा राहिला. ज्या दुखण्याची बदनामी टाळण्यासाठी त्याने भावाचे पोट पणाला लावले, ते दुखणे जाणूनच कोंढेवाल्यांनी सोयरीक केली होती.

गुलाब वाचला. रोवणीला तो बांधावर बसून होता, आणि कापणीपर्यंत हिंडू लागला. आता तो दिवसातून सहा वेळा मूठभर मूठभर खातो. भावाशी बोलतो, हसतो, नाटकाच्या गोष्टी सांगतो. बायजाबाईला त्याने रायपूरचे काही कळू दिले नाही. तिच्यापुढे तोच विषय बदलतो. पण घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने एक काम केले. संघपालच्या लोखंडी पेटीतून स्वतःची दवाखान्याची फाईल मागून घेतली. दवाखान्यात फोन करून नंबर बदलून घेतला. आणि आपल्या मुलीकडून, प्रतिक्षाकडून, मोबाईलवर आलेला कागद उघडून वाचायला शिकला. सातवीत सुटलेले वाचन पन्नाशीत पुन्हा धरताना त्याला फार कष्ट पडले. एकेका शब्दावर बोट ठेवून तो वाची. उच्च. धोका. गट. संघपाल ओसरीवरून ते ऐके.

तपासणीला दोघे अजूनही बरोबरच जातात. मागच्या खेपेला एसटीत गर्दी होती. गुलाबजवळ डब्याची पिशवी होती, पाण्याची बाटली होती, अंगावरची शाल होती आणि फाईल होती. उमरेडजवळ गाडीने हिसका दिला तेव्हा संघपालने सवयीने हात पुढे केला. "दे भाऊ, मी धरतो."

गुलाबने पिशवी दिली. बाटली दिली. शालही दिली. फाईल मात्र त्याने मांडीवरून उचलून छातीशी धरली आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

"तेवढी राहू दे," तो म्हणाला. आवाजात राग मुळीच नव्हता.

संघपालने पिशवी, बाटली आणि शाल घट्ट धरली, आणि नागपूर येईपर्यंत ती खाली ठेवली नाही.

येथे हे कथन पूर्ण झाले. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले आहे. हातमागावर बसून जे सुचले ते लिहिले. शब्दांत काही उणे राहिले असेल तर ते माझे समजावे. आपण आपल्या कामातून वेळ काढून दोन भावांची गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
हेमराज गोपाळराव धकाते
पवनी, जिल्हा भंडारा